सिडकोतील आरोग्य कट्टा: चौदा महिन्यांच्या अनुभवानंतर

नाशिकच्या सिडकोत, आमच्या चौकातील गणपती मंदिराच्या सभामंडपात, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात आरोग्य कट्टा भरतो. रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासणे, वजन व कमरेचा घेर मोजणे, ज्यांना गरज आहे त्यांना पुढे डॉक्टरांकडे पाठवणे आणि ते खरोखर गेले की नाही याचा पाठपुरावा करणे, असे या कट्ट्याचे काम आहे. गेले चौदा महिने मी सासूबाईंना घेऊन येथे जाते आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर माझेही नाव नोंदवहीत आहे. शेजारच्या वसाहतींतील अनेक जण या कट्ट्याविषयी विचारतात, म्हणून तेथे काय चांगले आहे आणि काय कमी पडते, ते सविस्तर लिहीत आहे.

हा उपक्रम कोणा एकाचा नाही, हे आधी सांगायला हवे. जागा आणि वीज मंदिराच्या मंडळाची, खुर्च्या व सतरंज्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या, रक्तदाबाची दोन यंत्रे गल्लीतील औषध दुकानदाराने दिलेली, मोजणाऱ्या मुली परिचर्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी, नोंदवही महिला बचत गटाच्या ताब्यात आणि वैद्यकीय सल्ला महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा, अशी ही वाटणी आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे आणि शहरात वैद्यकीय, दंत व परिचर्या शिक्षण घेणारी मुले-मुली भरपूर आहेत, त्यामुळे मोजायला माणसे मिळण्याची अडचण येथे फारशी जाणवत नाही. तपासणी विनामूल्य आहे. फक्त साखरेच्या पट्टीचे वीस रुपये घेतात, आणि ज्यांना तेही जड जातात त्यांच्याकडून काही न बोलता घेत नाहीत.

आम्ही तेथे पहिल्यांदा गेलो ते फारशी आशा ठेवून नव्हे. आमच्या भागात आरोग्य शिबिरांची कधीच कमतरता नव्हती. मांडव पडतो, फलक लागतो, मान्यवरांची भाषणे होतात, दंडाला पट्टा गुंडाळून एका चिठ्ठीवर आकडा लिहून देतात आणि दुपारी मांडव उतरतो. सासूबाईंच्या कपाटाच्या खणात अशा चार शिबिरांच्या चार चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या सर्वांत जुन्या चिठ्ठीवर १६८/९६ असा आकडा होता आणि ती तीन वर्षांपूर्वीची होती. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार भरत असेल तर तो वाढलेला मानतात, ही गोष्ट घरात मला ठाऊक होती, तरी ती चिठ्ठी खणात गेली आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. त्यांना काही त्रास होत नव्हता. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना काहीच त्रास देत नाही, आणि सगळा घात तेथेच होतो, कारण जे दुखत नाही त्यासाठी औषध घ्यायला आपल्याकडे कोणी सहजासहजी तयार होत नाही.

कट्ट्यावर पहिल्या रविवारी त्यांचा रक्तदाब १७२/९८ भरला. दहा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तेव्हा १६६/९६ आला. एका छापील कार्डावर दोन्ही आकडे लिहून, आठवड्याच्या आत आरोग्य केंद्रात जाण्यास सांगितले. आम्ही गेलो नाही. घरी पाहुणे होते, मुलाची परीक्षा होती, कारणांना तोटा नव्हता. नवव्या दिवशी संध्याकाळी बचत गटाच्या अक्कांचा फोन आला. वसाहतीतले लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणतात. त्यांनी मला रागे भरले नाही, समजावत बसल्या नाहीत. ‘सूनबाई, आजींच्या नावापुढचा रकाना अजून कोराच आहे. उद्या सकाळी मी केंद्रावरच आहे, घेऊन येता का?’ एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा तपासला, लघवी व रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, एक गोळी सुरू केली आणि महिन्याने बोलावले. आज सासूबाईंचा रक्तदाब १३० ते १३६ च्या दरम्यान राहतो आणि गोळी चुकली की त्या स्वतःच मला सांगतात.

तो रकाना हाच या सेवेचा खरा गाभा आहे, असे माझे मत झाले आहे. मी ती नोंदवही जवळून पाहिली आहे. साधी, लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे, किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तशी. डावीकडे क्रमांक, नाव, वय, मग रक्तदाबाचे दोन आकडे, साखर, वजन, कंबर आणि अगदी उजवीकडे दोन रकाने: ‘कोठे पाठवले’ आणि ‘गेले का’. कट्टा संपला की अक्का आणि गटातील आणखी दोघी तेथेच सतरंजीवर बसून शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने खुणा करतात, कोणाकडे कोण जाणार हे ठरवतात आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्या घरी जाऊन येतात. जिना चढवत नाही म्हणून केंद्रात न गेलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना त्यांनी रिक्षा करून नेल्याचे मी स्वतः पाहिले. शिबिरातले यंत्र आणि कट्ट्यावरचे यंत्र एकाच प्रकारचे असते, पण शिबिरानंतर आपले नाव घेऊन कोणी दार ठोठावत नाही.

मोजण्याच्या पद्धतीबद्दलही चांगले लिहायला हवे, कारण या बाबतीत मी अनेक ठिकाणी निष्काळजीपणा पाहिला आहे. येथे आल्याआल्या कोणाचाही पट्टा बांधत नाहीत. आधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवतात. लघवीला जाऊन आलात का, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतली का, हे विचारतात. पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत, पट्टा ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नाही, आणि मोजत असताना बोलायचे नाही. जाड दंडाच्या माणसांसाठी मोठा पट्टा वेगळा ठेवलेला आहे, कारण तोकडा पट्टा बांधला तर रक्तदाब खरा आहे त्याहून जास्त दिसतो. ही दक्षता लहान वाटते, पण चुकीच्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते किंवा सुरू व्हायची राहू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. साखरेच्या बाबतीतही बोटातून घेतलेल्या थेंबावरून ‘तुम्हाला मधुमेह आहे’ असे येथे कोणी सांगत नाही. आकडा संशयास्पद असेल तर शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, असेच सांगितले जाते आणि ते योग्य आहे.

माझी स्वतःची तपासणी मी तीन महिने टाळली. मी तर सोबतीला येते, मला काय झाले आहे, असे मला वाटत होते. चौथ्या महिन्यात एका विद्यार्थिनीने ‘काकू, तुम्ही इतक्या वेळ बसलाच आहात तर टेप लावू का?’ असे विचारले आणि माझी कंबर ९१ सेंटिमीटर भरली. चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी भारतीयांसाठी तयार केलेली एक साधी गुणपद्धती आहे. तिच्यात वय, कमरेचा घेर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी पाहतात आणि ६० किंवा अधिक गुण म्हणजे धोका जास्त. वय ५२ म्हणून ३०, घेर ९० च्या वर म्हणून २०, बैठे काम आणि व्यायाम नाही म्हणून ३० आणि आईला मधुमेह म्हणून १०, असे माझे ९० गुण झाले. रक्त काढण्यापूर्वीच, केवळ एका टेपने आणि तीन प्रश्नांनी आपल्याविषयी इतके कळते, हे मला खरेच माहीत नव्हते. पुढे प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर ११२ आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ६.० आली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर, असे डॉक्टरांनी सांगितले.

या उंबरठ्यावर मी एकटी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, ही चिंतेची गोष्ट असली तरी त्यातच संधीही आहे. उंबरठ्यावरून मागे फिरता येते का, याचा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर आहार आणि चालणे यांत नेटाने बदल केलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. म्हणजे बदल करूनही अनेकांना मधुमेह झालाच, पण बरेच जण वाचले. कट्ट्यावर डॉक्टरांनी हे मला अशाच शब्दांत सांगितले, कोणतीही खात्री न देता, आणि म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

चालण्याचा गट ही कट्ट्याची दुसरी बाजू आहे. सोमवार ते शनिवार पहाटे पावणेसहाला मंदिरासमोरून दोन गट निघतात, एक झपझप चालणाऱ्यांचा आणि दुसरा गुडघेदुखी असलेल्यांचा. चौथ्या रविवारी पांडवलेणीला जातात. ज्यांना पायऱ्या झेपतात ते वर लेण्यांपर्यंत जातात आणि बाकीचे खाली फाळके स्मारकाच्या परिसरात फेऱ्या मारतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोजची तीस मिनिटे पाच दिवस धरली की तेवढी भरतात. व्यायामाच्या बाबतीत नाशिकचे नाव मोठे आहे. २०१५ मध्ये येथील डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खंडपार सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली, आणि त्यांच्यामुळे शहरात कितीतरी लोक सायकलवर आले. मला त्याचा अभिमान आहे. पण मंदिरापासून रिक्षा थांब्यापर्यंत गेल्यावर धाप लागणाऱ्या बाईला कोणाच्या तरी सोबतीची गरज असते, आणि ती सोबत मला या गुडघेदुखीवाल्या गटाने दिली. पहिल्या दिवशी मी बारा मिनिटांत बसले. माझ्यासाठी दोघी थांबल्या. दुसऱ्या दिवशी जायचे नाही असे ठरवून मी झोपले होते, तर सहाला पाच कमी असताना खालून ‘ताई, आलो हं आम्ही!’ अशी हाक आली.

स्वयंपाकघराविषयीचे सत्र दोन महिन्यांतून एकदा असते आणि मला ते सर्वांत उपयोगी वाटले. मिठावरचे सत्र तर मी विसरणार नाही. अक्कांनी समोर मिठाचा एक किलोचा पुडा ठेवला आणि ‘तुमच्या घरी हा किती दिवस पुरतो?’ एवढेच विचारले. मग फळ्यावर हिशेब मांडला. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. पाच ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. चार माणसांचे घर धरले तर दिवसाला वीस ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. आमच्या घरी चार माणसांना किलोचा पुडा महिनाभरही पुरत नव्हता. भाज्या धुवायला किंवा लोणच्याला गेलेले मीठ वेगळे काढले तरी हिशेब जुळत नव्हता, आणि पापड, फरसाण, बाहेरची भजी यांतले मीठ तर त्या पुड्यात धरलेलेच नव्हते. त्या दिवसापासून मी पुड्यावर उघडल्याची तारीख लिहिते. आता तोच पुडा सहा आठवडे जातो. कणकेत मीठ घालणे बंद केले, ताटात वाढणे बंद केले आणि पापड रोजच्याऐवजी रविवारी आला. पहिले पंधरा दिवस घरात कुरकुर झाली, नंतर जिभेला सवय झाली.

मिसळ सोडा, असे येथे कोणी सांगत नाही, हेही मला आवडले. रविवारी मिसळ खाणे हा नाशिकमध्ये घरोघरीचा कार्यक्रम आहे आणि तो बंद करण्याचा उपदेश कोणी ऐकणार नाही. मटकीची उसळ जास्त घ्या, तर्री वेगळ्या वाटीत मागवा, फरसाण निम्मे करा, पाव दोनऐवजी एक घ्या, एवढेच सांगतात आणि घरी कशी करायची ते करून दाखवतात. द्राक्षांच्या हंगामातही असेच. आपल्या जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी पेट्या येतात आणि टोपलीतून येताजाता तोंडात टाकायची सवय लागते. वाटीत मोजून घ्या, जेवणानंतर लगेच नको, असे सांगितले गेले आणि मला ते पाळता आले.

नागलीच्या सत्रात मात्र एक चूक झाली. पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील आदिवासी महिलांच्या गटांकडून नागलीचे पीठ आणून कट्ट्यावर विकतात. हे फार चांगले काम आहे, पीठ ताजे असते आणि पैसे थेट पिकवणाऱ्या घरांत जातात. पण पीठ विकणाऱ्या एका ताईंनी उत्साहाच्या भरात, नागली खाल्ली की साखरेची गोळी बंद होते, असे सांगितले. डॉक्टर तेथेच होते. त्यांनी सर्वांसमोर, त्या ताईंना न दुखावता, नागलीत चोथा आणि कॅल्शियम भरपूर आहे, पण तिच्यातही पिष्ट आहे, गव्हाच्या तीन पोळ्यांच्या जागी नागलीच्या तीन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच आणि गोळी कोणीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, असे स्पष्ट केले. चूक तेथल्या तेथे दुरुस्त झाली, हे महत्त्वाचे.

याहून गंभीर तक्रार सातव्या महिन्यातील आहे. त्या रविवारी एका खासगी कंपनीचे प्रतिनिधी ‘सहयोगी’ म्हणून आले. त्यांच्याकडे वजनकाट्यासारखे एक यंत्र होते आणि त्यावर उभे राहिले की ‘शरीराचे वय’ सांगणारा कागद निघत असे. माझ्या सासूबाईंच्या बहिणीला त्यांनी ‘तुमचे शरीर ८३ वर्षांचे आहे’ असे सांगितले आणि अडीच हजार रुपयांची भुकटी घेण्याचा आग्रह धरला. ती बाई रात्रभर झोपली नाही. कट्ट्याच्या मंडळींनी परवानगी देताना पुरेशी चौकशी केली नव्हती, ही त्यांची चूक होती, आणि ती मी त्यांना लेखी कळवली. पुढच्या बैठकीत, कट्ट्यावर उपचाराची किंवा पूरक आहाराची कोणतीही वस्तू विकली जाणार नाही आणि कोणत्याही कंपनीचा फलक लागणार नाही, असे ठरले. औषध दुकानदारांनीही आपल्या दुकानाच्या नावाची चिठ्ठी यंत्रावरून स्वतः काढली. अनेकांनी मिळून चालवलेल्या कामात कोणाचा तरी स्वार्थ आत शिरण्याची भीती कायम असते. येथे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, म्हणून मी त्यानंतरही जात राहिले.

आकडे मोठ्याने पुकारण्याची सवयही सुरुवातीला होती. दोन टेबलांच्या अंतरावरून कोणाची साखर दोनशे चाळीस आहे हे साऱ्या सभामंडपाला कळत असे. आता आकडे फक्त कार्डावर लिहितात आणि डॉक्टरांचे टेबल पडद्यामागे आहे. सभामंडपाच्या पाच पायऱ्यांना अजूनही कठडा नाही. ज्या ठिकाणी सत्तरीची माणसे अनशेपोटी येतात तेथे कठडा हवाच, आणि तो कठडा सांगून दहा महिने झाले आहेत.

कट्ट्याची सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. तेथे कमावत्या वयाचे पुरुष दिसत नाहीत. रांगेत निवृत्त माणसे आणि घरातल्या बायकाच असतात. आमच्या भागातील पुरुष अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पाळीत काम करतात. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेला माणूस उपाशीपोटी रांगेत उभा राहणार नाही. खरे तर शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही व्हावी, असे ठरलेले आहे. आशाताई घरोघरी जाऊन वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातील आजार यांची प्रश्नावली भरतात आणि चारपेक्षा जास्त गुण आलेल्यांना तपासणीला आधी बोलावतात. पण आशाताई दुपारी येतात तेव्हा आमच्या घरातला पुरुष एकतर कामावर असतो किंवा झोपलेला असतो.

यावर इतरांनी काय केले, हे कट्ट्याच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये रक्तदाबाचे प्रमाण फार आहे आणि ते दवाखान्यात येत नाहीत, म्हणून संशोधकांनी ५२ केशकर्तनालये निवडली. केस कापणाऱ्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना प्रोत्साहन दिले आणि प्रशिक्षित औषधतज्ज्ञांनी डॉक्टरांच्या संमतीने तेथेच औषधे दिली. ३१९ पुरुषांच्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब सरासरी २७ अंशांनी उतरला, तर ज्यांना केवळ डॉक्टरांकडे जा असे सांगितले होते त्यांच्यात तो सुमारे ९ अंशांनी उतरला. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फिनलंडमधील नॉर्थ कारेलिया प्रांताचे उदाहरणही त्यांनी दिले. तेथे १९७२ मध्ये हृदयविकाराविरुद्धचे काम सुरू झाले तेव्हा डॉक्टरांबरोबर गृहिणींची संघटना, दुकानदार, दुग्धव्यवसाय आणि मांसपदार्थांचे कारखानेही त्यात उतरले, आणि पुढील चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडील केरळच्या एका मोठ्या प्रयोगात मात्र, शेजाऱ्यांनीच चालवलेल्या गटांमुळे लोकांचे धोक्याचे गुण सुधारले, तरी मधुमेह होण्याच्या प्रमाणातला फरक निर्णायक ठरला नाही, हेही त्यांनी लपवले नाही.

त्या बैठकीनंतर गेल्या जूनपासून महिन्यातील एका शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात चौकातील केशकर्तनालयात रक्तदाबाचे एक यंत्र ठेवतात. दुकान चालवणारे दादा स्वतः सर्वांना आग्रहाने बसवतात. ‘भाऊ, दाढी होईस्तोवर पाच मिनिटं शांत बसायचंच आहे, मग मोजूनच जा,’ असे ते म्हणतात. माझ्या पतींचा रक्तदाब तेथे १५४/९८ भरला आणि पुढच्या वेळी १५०/९६. घरी मी दोन वर्षे सांगून जे झाले नव्हते ते तेथे एका संध्याकाळी झाले, कारण शेजारच्या खुर्चीवरच्या त्यांच्या पाळीतल्या मित्राचाही आकडा तसाच होता आणि दोघे मिळून सोमवारी केंद्रात गेले.

दर तीन महिन्यांनी दंतवैद्यकाचे विद्यार्थी तोंड तपासायला येतात. तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का, गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा वा लाल चट्टा आहे का, पंधरा दिवसांत न भरलेली जखम आहे का, एवढे ते पाहतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी तंबाखू-चुन्याची डबी प्रत्येक पाळीत फिरते. माझ्या पतींच्या तोंडात अडीचच बोटे गेली. त्यांना दंतरुग्णालयात पाठवले, तेथे नियमित तपासणी सुरू आहे. तंबाखू पूर्ण सुटलेली नाही, पण दिवसातून आठ वेळांवरून दोनवर आली आहे, आणि ‘गेले का’ या रकान्यात त्यांच्या नावापुढे आता खूण आहे.

माझी स्वतःची स्थिती सांगायची तर, चौदा महिन्यांत वजन ७१ वरून साडेसहासष्ट किलो झाले, कंबर ८७ वर आली, उपाशीपोटीची साखर १०१ आणि तीन महिन्यांची सरासरी ५.८ आहे. धोक्याचे गुण ९० वरून ७० झाले. वय आणि आईचा मधुमेह हे दोन्ही बदलणार नाहीत, त्यामुळे ते साठच्या खाली आणणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे. दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत तपासणी करायची आहे आणि ती तारीखही अक्कांनी माझ्या नावापुढे लिहून ठेवली आहे.

ज्यांना छातीत दुखते, एकाएकी तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते किंवा हातपाय लुळे पडतात, त्यांनी कट्ट्याच्या रविवारची वाट पाहू नये, थेट रुग्णालयात जावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आधीपासून घेणाऱ्यांनी उपाशीपोटी रांगेत फार वेळ उभे राहू नये. साडेसहालाच यावे आणि सोबत खाण्याचा डबा आणावा, सांगितले तर त्यांचा क्रमांक पुढे घेतात. इतरांनीही सात वाजेपर्यंत पोहोचावे, साडेसातनंतर तासभर थांबावे लागते. सैल बाहीचा पोशाख घालावा, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे आणावीत आणि पहिल्या दिवशी घरातील दुसऱ्या माणसाचा फोन क्रमांकही द्यावा. नवरात्रात सभामंडप देवीच्या उत्सवासाठी लागतो, त्यामुळे त्या महिन्यातला कट्टा ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत भरेल. ती खोली तळमजल्यावर आहे आणि तेथे एकही पायरी नाही.